आक्कांच्या डोक्यावरची शपथ

मला स्वस्थ बसता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तलवाड्याला माहेरी गेले की आई म्हणते, "बस की घडीभर. खुर्चीला काटे हायेत का?" म्हणूनच रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, नोकरी बरोबर माणसाला मिळाली. फोन आला की पळायचं, माणूस उचलायचा, वाटेत त्याला धरून ठेवायचं आणि दवाखान्याच्या दारात तिथल्या लोकांच्या हवाली करायचं. पुढं त्याचं काय झालं, हे विचारायची आमच्यात रीत नव्हती. विचारत बसलं तर पुढच्या माणसापर्यंत पोचणार कधी? ही रीत मला फार मानवली होती. माणूस सोडला, हात धुतले, चहा घेतला, संपलं.

मग वरून एक नवीन काम आलं आणि माझा चहा गोड लागेनासा झाला.

केज तालुक्यात गोळ्यांच्या नशेनं बेशुद्ध पडलेली माणसं सापडायला लागली होती. दारू लपत नाही, वास येतो, माणूस बडबडतो. हे प्रकरण वेगळं. ही सगळी दुखण्यावरची औषधं. कंबर धरली म्हणून एक कॅप्सूल, मग दोन, मग पाकीट, मग इंजेक्शन. अफूच्या जातीची औषधं ती. जास्त झाली की माणूस गाढ झोपल्यासारखा दिसतो आणि श्वास घ्यायचं विसरतो. आम्ही पोचलो तर नॅलोक्सोन हा उतारा देऊन त्याला माघारी आणायचो. तो घरी जायचा, आणि काही दिवसांनी पुन्हा त्याच घरून फोन यायचा. तेव्हा असं ठरलं की अशा माणसाला नुसतं जागं करून सोडायचं नाही. ज्यांनी जागं केलं त्यांनीच लगोलग त्याच्या घरी परत जायचं आणि उपचार घेतोस का, म्हणून विचारायचं. हो म्हणाला तर तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं. तिथं एक गोळी मिळते, जिभेखाली ठेवायची, रोज. तिनं अंगाची तोडातोड थांबते आणि माणूस माणसात राहतो.

ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

आमच्या गाडीच्या चालकाला खात्यात पायलट म्हणतात. आमचे पायलट घाटनांदूरचे, पन्नाशीचे, पानाचा तोबरा आणि कमरेला पट्टा कायम घट्ट. मी त्यांना मामा म्हणते. नवीन कामाचं ऐकून ते म्हणाले, "म्याडम, आजवर लोकाला आनायला जात होतो. आता विचारायला जायाचं. लगीन जमवायला निघाल्यासारकं झालं की वो हे." मी हसले नाही, कारण मला त्या वेळी हे काम म्हणजे वेळेचा अपव्यय वाटत होता.

ज्याची ही गोष्ट, त्याच्या घरून पहिला फोन नांदूरघाट गावातून आला, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. किराणा आणि पेंडीचं दुकान. पुढं गिऱ्हाईक उभं, मागच्या खोलीत तिशीतला एक माणूस पोत्यांमध्ये आडवा. ओठ काळेनिळे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. शेजारी त्याची आई बसली होती, कपाळाला भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, आणि हातात फोडलेला कांदा. फिट आली समजून ती त्याच्या नाकाला कांदा लावत होती. गावात त्यांना सगळे आक्का म्हणत. नवरा गेल्यापासून गल्ल्यावर त्याच बसत.

"काय घेतलं यानं?" मी विचारलं.

"कायबी न्हाई. शुगर कमी झाली."

"मावशी," मामा ऑक्सिजनचं नळकांडं सरकवत म्हणाले, "खिशातून कॅप्सूलची पाकिटं सांडलीत. शुगरच्या असतील तर माझ्याकडंबी दोन ठिवा."

मी मामांकडे डोळे वटारले आणि कामाला लागले. मास्क लावून श्वास दिला, फोनवर मोठ्या डॉक्टरांना विचारून नॅलोक्सोन टोचलं, आणि वाट पाहिली. ती वाट पाहणं मला कधीच जमलेलं नाही. मी त्याच्या छातीकडे बघत दातांनी हातमोजा चावत होते. मग छाती उचलली. पुन्हा उचलली. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "कावून उठवलं?"

आभार मानावेत अशी माझी अपेक्षा नसते. पण हे ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

दवाखान्यात त्याला थांबवून घ्यायला हवं होतं, कारण नॅलोक्सोनचा जोर आधी ओसरतो आणि गोळ्यांचा नंतर, म्हणजे माणूस पुन्हा बेशुद्ध पडू शकतो. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, जिभेखालच्या गोळीचंही सांगितलं. आक्का "बरं, बरं" म्हणाल्या आणि संध्याकाळच्या आत सही करून त्याला घरी घेऊन गेल्या. पोटचा पोरगा परक्यांच्या पुढ्यात थरथरतोय, हे त्यांना बघवलं नसावं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठरल्याप्रमाणे गेलो. दुकानासमोर गाडी उभी केली. सायरन नाही, काही नाही, पण पांढरी गाडी बघून निम्मी गल्ली गोळा झाली. कुणीतरी डोक्यावरची टोपी काढली. आक्का दारात येऊन हात जोडून उभ्या राहिल्या. "आमाला कायबी झालेलं न्हाई. जावा तुमी." त्यांच्या मागे खोली माणसांनी भरलेली दिसत होती. भेटायला आलेली माणसं. आमच्या भागात कुणी आजारातून उठलं की गाव भेटायला जातं, हे काही सांगायची गोष्ट नाही. बिस्किटाचा पुडा नाहीतर नारळ घेऊन जायचं, चटईवर बसायचं, काय झालं म्हणून विचारायचं, आपल्या चुलत्याला असंच झालं होतं ते सांगायचं, चहा घ्यायचा आणि उठायचं. ती सगळी मंडळी आता माना वळवून बाहेरच्या गाडीकडे बघत होती.

परत निघाल्यावर मी मामांवर उखडले, जणू त्यांचाच दोष होता. ते शांतपणे गाडी चालवत राहिले. रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "राग आला तर येऊ द्या. पन मला सांगा म्याडम, गाडी घिऊन कुनी भेटायला जातं का? लोकाला वाटलं मयत न्यायला आलो."

हे मला सुचायला हवं होतं. मी याच जिल्ह्यात वाढले, भेटायला जाणाऱ्या बायकांच्या मांडीवर बसून मी बिस्किटं खाल्ली आहेत. पण गणवेश घातला की बुद्धीही खात्याची होते.

सुट्टीच्या दिवशी मी साडी नेसले, बिस्किटाचा पुडा आणि चार मोसंबी घेतली आणि एसटीनं नांदूरघाटला उतरले. मामा आपल्या फटफटीवरून आधीच येऊन हॉटेलात बसले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आम्ही दोघं दुकानात शिरलो तेव्हा आक्कांनी मला ओळखलं, पण हातात पुडा होता. भेटायला आलेल्या माणसाला दारातून कोण परत पाठवणार? त्यांनी चटई टाकली.

मी बायकांमध्ये बसले. कुणाची कंबर, कुणाचं गर्भाशय, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, सगळं ऐकलं. माझे पाय वळवळत होते. आतल्या खोलीतून मधूनच जांभयांचा आवाज यायचा, लांब, कण्हत दिलेल्या जांभया. दुसऱ्या बायकांना त्यात काही वाटलं नसेल. मला माहीत होतं की त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी चाललं असेल, पोटात मुरडा आला असेल, अंगावर काटा उभा राहिला असेल. जिभेखालची गोळी सुरू करायची वेळ नेमकी हीच असते, शरीर मागायला लागलेलं असतं तेव्हा. आणि इथं एका बाईच्या सुनेला मुलगा झाला की मुलगी, हे संपतच नव्हतं.

शेवटी सगळ्या उठल्या. मी आत गेले. तो भिंतीला टेकून बसला होता, अंगावर चादर, घामानं शर्ट भिजलेला. पेंडीचं पोतं उचलताना कमरेत चमक भरली होती, तिथून सगळं सुरू झालेलं. बायको माहेरी निघून गेली होती. हे सगळं त्याने खाली बघून सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. मला तसं वाटायला हवं होतं, म्हणजे राग धरणं सोपं गेलं असतं.

मी जिभेखालच्या गोळीबद्दल सांगितलं. तो नीट ऐकत होता. मग म्हणाला, "ती गोळी बी त्याच जातीची हाय का?"

मी खोटं बोलू शकले असते. मी म्हणाले, "हो. जात तीच आहे. पण ती झोपवत नाही, धरून ठेवते. श्वास बंद पडू देत नाही."

त्याने मान हलवली. "मग न्हाई जमायचं."

आणि मग त्याच्याच तोंडून कळलं. दवाखान्यातून घरी आल्यावर आक्कांनी दार लावून त्याला देव्हाऱ्यापुढं बसवलं होतं. लिंगाला बेल वाहिला, त्याच्या एका हातात बेलपान आणि भस्म दिलं, दुसरा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि वदवून घेतलं की नशेच्या औषधाला यापुढं शिवणार नाही. आईच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ. मोडली तर ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याचा जीव जातो, हे आमच्याकडे शाळेत जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं.

"मला काय व्हायचं ते होऊ द्या," तो म्हणाला. "तिला काय व्हायला नको."

मी बाहेर आले आणि आक्कांपाशी बसले. जमेल तितकं सावकाश बोलले. शपथेनं मनाला बांधता येतं, शरीराला नाही. आणि धोका पुढं आहे. थोडे दिवस गोळ्या बंद राहिल्या की शरीराची सवय मोडते. मग एखाद्या दिवशी सहन झालं नाही आणि त्याने पूर्वीएवढीच घेतली, तर पूर्वी जेवढ्यानं नुसती झोप यायची तेवढ्यानं तो मरेल. तुम्ही शपथ दिलीय, तुम्हीच सोडवू शकता. 'सुटली' म्हणा, म्हणजे तो औषध घेईल.

आक्का गल्ल्यावरच्या तराजूचं पारडं पुसत होत्या. "सुटली म्हनलं की मोकळा झाला त्यो. मग काय धरून ठिवंल त्याला? तुमची गोळी?"

"हो, गोळी."

"गोळीनंच तर वाट लागलीया."

इथं माझा तोल गेला. मी म्हणाले, "आक्का, तुमची ही शपथच त्याला मारणार आहे."

आक्कांनी हातातलं फडकं ठेवलं. माझ्यापुढचा चहाचा कप उचलला, अर्धा होता, आणि आत नेऊन ठेवला. आमच्याकडे याच्यापेक्षा मोठा अपमान नाही. मामा खाली मान घालून चपला शोधू लागले.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझ्या घरच्यांना विचारावं. नांदूरघाटच्या बाजूनं फोन आला की मी आधी पत्ता दोनदा विचारून घ्यायचे. कुणाला विंचू चावलेला असायचा, कुणाची फटफटी घसरलेली असायची, आणि मला चक्क बरं वाटायचं. मामा माघारी येताना मुद्दाम त्या पेठेतून गाडी घालायचे. दुकानापाशी वेग कमी करायचे, आत बघायचे आणि म्हणायचे, "हाय." कधी तो साखर जोखत असायचा, कधी नुसता पायरीवर बसलेला. हाय म्हटलं की माझा श्वास मोकळा व्हायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मला हे सहन होईना. मी पुन्हा गेले, साडी नेसून, पुडा घेऊन. आक्का काही बोलायच्या आत मी म्हणाले, "शपथेचं काही बोलायला आले नाही. एक गोष्ट शिकवून जाते. तो पडला तर आम्ही येईपर्यंत काय करायचं ते."

त्यांनी माझ्या हातातला पुडा घेतला. मग दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

मामा फरशीवर पेंडीच्या पोत्याशेजारी आडवे झाले. "माझं तोंड धुतलेलं हाय, पन पान खाल्लंय," त्यांनी आधीच बजावलं. हनुवटी कशी उचलायची, डोकं मागे कसं करायचं, नाक कसं चिमटीत धरायचं, हे मी त्यांच्यावर दाखवलं. श्वास कसा द्यायचा ते स्वतःच्या मुठीवर दाखवलं. आक्कांनी आपली मूठ तोंडाशी धरून करून बघितलं.

"फुंकायचं नाही आक्का. आपला श्वास त्याच्यात भरायचा. छाती वर आली पाहिजे."

"चूल फुंकण्यात जलम गेला माझा," त्या म्हणाल्या. "कुठं किती फुंकायचं कळतं मला." आणि पुन्हा करून बघितलं, आता बरोबर. जाताना त्यांनी मला पूर्ण कपभर चहा दिला. "शिकून ठिवते," त्या म्हणाल्या, "पन शपथ सोडनार न्हाई."

पोळ्याच्या आदल्या दिवशी फोन आला. सकाळची वेळ होती, आणि पत्ता ऐकायच्या आधीच मला कळलं होतं, असं मी आता सांगते. खरं तर मला काहीच कळलं नव्हतं; मी एका म्हाताऱ्याचा रक्तदाब मोजत होते. मामांनी गाडी अशी हाणली की मागच्या सगळ्या पेट्या दणाणत होत्या. मी दांडा धरून उभी होते आणि मोठ्यानं म्हणत होते, "मामा, हळू," आणि मनात, अजून, अजून जोरात.

दुकानासमोर बैलांचे गोंडे आणि झुली टांगलेल्या होत्या, गिऱ्हाइकांची ही गर्दी. लोक बाजूला झाले. आत, त्याच पोत्यांमध्ये, आक्का गुडघ्यांवर बसल्या होत्या. पदर खांद्यावरून घसरलेला, कपाळाचं भस्म घामानं वाहून डोळ्यांत आलेलं. त्या लेकाचं नाक धरून तोंडाला तोंड लावून श्वास भरत होत्या, छाती वर येत होती. आणि श्वास घ्यायला तोंड वर केलं की दर वेळी म्हणत होत्या, "सुटली." पुन्हा वाकून श्वास. "सुटली रं. सुटली."

मी त्यांच्या शेजारी बसले तरी त्यांना कळलं नाही. मामांनी त्यांच्या दंडाला धरून बाजूला केलं. मी मास्क लावला, नॅलोक्सोन टोचलं. एकदा दिल्यानं भागलं नाही, पुन्हा दिलं. आक्का मागे बसून तोच एक शब्द पुटपुटत होत्या.

त्याने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलंही नाही. मान वळवायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, "आई हाय का?"

"हाय," मामा म्हणाले. "हाय, बाबा. तुझ्या उशालाच हाय."

मी त्या क्षणी रडले. लिहायला लाज वाटत नाही. शपथ मोडली म्हणजे आई गेली, एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि ते घेऊन तो कुठून कुठं जाऊन आला होता.

तालुक्याच्या दवाखान्यात आम्ही पोचलो तर खाटेभोवती भेटायला आलेली माणसं आधीच उभी. आमच्याकडे पेशंटच्या आधी भेटायला येणारे पोचतात. नांदूरघाटची पाच-सहा माणसं पोळ्याच्या खरेदीला तिथं आली होती, त्यांना फोनवर कळलं, आणि ती बिस्किटाचे पुडे घेऊन हजर झाली होती. नॅलोक्सोननं नशा एकदम उतरून त्याचं अंग तुटायला लागलं होतं. तो गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत होता, दात वाजत होते. डॉक्टर गोळी घेऊन आले. हीच वेळ होती. थोडं सावरल्यावर तो पुन्हा घरी जायचं म्हणणार, आक्का पुन्हा सही करणार, आणि पुढच्या वेळी आम्ही पोचूच असं कोण सांगणार?

डॉक्टर म्हणाले, "तोंड उघड, जीभ वर कर."

त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. नजर आईकडे.

"आक्का, तुम्ही म्हणालात ते," मी म्हणाले. "त्याने ऐकलं नाही. तो तेव्हा शुद्धीवर नव्हता. पुन्हा म्हणावं लागेल."

आक्कांनी खाटेभोवतीच्या माणसांकडे बघितलं. ही सगळी गावची माणसं, दुकानातली रोजची गिऱ्हाइकं. या लोकांना आजवर त्यांनी शुगर म्हणून सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, "बाहेर थांबायला सांगू का यांना?" मला वाटलं, त्या हो म्हणतील. मी तर लोकांना दाराकडे ढकलायला हात पुढे केलाच होता.

"राहू द्या," आक्का म्हणाल्या. त्यांनी लेकाचा हात धरला, घामेजलेला, थरथरता, आणि तो आपल्या डोक्यावर ठेवला. सगळ्यांसमोर. जरा वेळ तसाच धरला. मग दोन्ही हातांनी तो खाली उतरवून त्याच्याच छातीवर ठेवला. "माझ्या डोक्यावरची शपथ सुटली," त्या म्हणाल्या. "मी दिल्ती, मीच सोडवली. औषद घे."

त्याने तोंड उघडलं. डॉक्टरांनी गोळी जिभेखाली ठेवली. ती विरघळेपर्यंत बोलायचं नसतं, गिळायचं नसतं. खाटेभोवती कुणीच बोलेना. मी इतकी शांत माणसं भेटायला आलेली कधी बघितली नव्हती.

तेवढ्यात एक माणूस उशिरा आला, हातात नारळ. त्याला काहीच माहीत नव्हतं. रीतीप्रमाणे त्याने विचारलं, "काय झालं वो आक्का? शुगर का?"

"न्हाई," आक्का म्हणाल्या. "दुखन्याच्या गोळ्याची नशा करत होता. दोनदा मरून माघारी आला. आता औषद घेतोय." आणि त्याच्या हातातला नारळ घेऊन खाटेखाली ठेवला, इतर नारळांशेजारी.

पुढं सगळं सुरळीत झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. तो सकाळच्या एसटीनं गोळी घ्यायला येतो. मधूनच येत नाही. आला नाही की दवाखान्यातून मला फोन येतो, मी मामांना करते, आणि मामा पेठेतून फटफटी घालून मला कळवतात, "हाय." एकदा तो बायकोला आणायला गेला होता आणि ती आली नव्हती. तो दिवस वाईट होता. आक्का आता सोबत येतात, दवाखान्याच्या पायरीवर बसून राहतात. एकदा मला म्हणाल्या, "शपथ असती तर मी घरी झोपले असते. आता रोज राखन करावी लागती." ती तक्रार होती, आणि मी ती ऐकून घेतली. मीही नीट झोपत नाही.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. गोळी विरघळली, त्याचा थरकाप हळूहळू थांबला, भेटायला आलेली माणसं एकेक करून निघाली. मी बाहेर येऊन गाडीच्या पायरीवर बसले. मामा पेट्या लावत होते. माझ्या हातांना अजून रबराचा वास येत होता आणि चहा प्यायची इच्छा नव्हती.

खाटेपाशी उभी असलेली एक बाई माझ्यामागे आली. चाळिशीची असेल. हिरवं लुगडं, हातात पोळ्याच्या खरेदीची पिशवी, पिशवीतून गोंडे बाहेर आलेले. ती गाडीपासून जरा लांब उभी राहिली, मामा पलीकडे जाईपर्यंत थांबली. मग तिने मला माझं गाव विचारलं, लेकरं किती विचारलं. मी सांगितलं. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

"आमच्या घरी कुनी आजारी न्हाई," ती म्हणाली.

"बरं आहे की मग," मी म्हणाले.

ती गेली नाही. दवाखान्याच्या दाराकडे एकदा बघितलं, आणि आवाज आणखी खाली नेत म्हणाली, "पन एकदा भेटायला या. गाडी नका आनू."